बासष्ट अंश

पाणी गरम होतं.

तिने गार पाण्याची तयारी ठेवूनच नळ सोडला होता. दात आवळले होते, खांदे आखडून घेतले होते. व्हॅनच्या मागे ताडपत्रीचा आडोसा होता, पायांखाली लाकडी फळी. पहिलीच धार खांद्यावर पडली आणि चटका बसला. ती बाजूला झाली. टाकीवरच्या तबकडीचा काटा बासष्टवर होता.

"गार आहे ना?" बाहेरून नवऱ्याने विचारलं. "मी म्हटलं होतं, आज आंघोळ राहू दे."

"बर्फ आहे नुसता," ती म्हणाली. आपण खोटं का बोललो ते तिला लगेच कळलं नाही.

टाकी नवऱ्याने स्वतः बसवली होती. इंजिनात तापलेलं पाणी एका नळीतून टाकीत फिरायचं आणि आंघोळीचं पाणी तापायचं. गॅस नको, वीज नको. गाडी चालली की पाणी सत्तर अंशांवर जायचं, उभी राहिली की निवायला लागायचं. पहिले दोन तास तरी दर दहा मिनिटांना एक अंश. तिने घड्याळ लावून मोजलं होतं. ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. "बाकीच्या बायका नवऱ्यावर नजर ठेवतात, आमची टाकीवर ठेवते," असं तो मित्रांना सांगायचा.

व्हॅन काल दुपारपासून या झाडाखाली उभी होती. गाडी तीच चालवायची. तीन महिन्यांपूर्वी त्याला फिट आली, तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली होती. आज सकाळी ती एकटीच टेकडीपलीकडच्या तळ्यावर गेली होती. परत आली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. "डोळाच लागला बघ," म्हणाला होता.

सत्तरातून बासष्ट गेले, आठ. ऐंशी मिनिटांपूर्वी इंजिन चालू होतं.

तिने गार पाणी मिसळून आंघोळ उरकली. केस पुसत बाहेर आली, तेव्हा वनरक्षकाची जीप समोर येऊन थांबत होती. तो उतरला. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत रक्ताने माखल्या होत्या.

"खालच्या वळणावर पत्रं वाटणाऱ्या पोरीला कुणीतरी गाडीने उडवलंय," तो म्हणाला. "सायकलचा चेंदामेंदा झालाय. मांडी फाटलीय. ज्याने उडवलं त्यानेच बहुतेक रक्त थांबवायला जखमेच्या वर पट्टा आवळला, आणि पळाला. अक्कल होती, छाती नव्हती."

"जिवंत आहे ना?" तिने विचारलं.

"दवाखान्यात पोचवली, पण शुद्धीवर नाही. डॉक्टर बाई विचारतायत, पट्टा कधी बांधला. दोन तासांच्या आतला असेल तर सोडून पाय वाचवता येईल. त्याहून जुना असेल तर सोडायचा नाही. सोडला की मेलेल्या पायातलं विष सगळ्या अंगात जातं, म्हणे. मग पाय कापायचा, तरच पोरगी राहील." त्याच्या हातातला वायरलेस खरखरत होता. "कुणी केलं ते नंतर बघू, ताई. मला आत्ता फक्त वेळ पाहिजे. कुठली गाडी गेलेली पाहिलीत का? ऐकलीत?"

"आम्ही कालपासून हललोच नाही," नवरा म्हणाला. "आणि मी तर गाडी चालवतच नाही. हवं तर हिला विचारा."

"पट्टा कसला होता?" तिने विचारलं.

"सामान बांधायचा. निळा."

तिने वर पाहिलं. टपावरच्या सामानाला काल तिने स्वतः दोन निळे पट्टे बांधले होते. आता एकच होता.

ती नवऱ्याकडे वळली. "किती वाजता?"

तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"मी तुला विचारतेय. किती वाजता?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. त्याचा आवाज तिने सव्वीस वर्षांत कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

तिने मनात पुन्हा मांडणी केली. तबकडी पाहिली तेव्हा ऐंशी मिनिटं. आंघोळ आणि हे बोलणं मिळून पंधरा. त्या वळणापासून इथवर गाडीने दहा. एकशे पाच. दोन तासांना अजून पंधरा मिनिटं होती. एका पोरीचा पाय त्या पंधरा मिनिटांवर होता, आणि तिचं स्वतःचं घर त्याच पंधरा मिनिटांवर होतं. गप्प राहिलं तर त्या दोघांना काहीच होणार नव्हतं. पुन्हा कुणी तिला विचारायलाही येणार नव्हतं.

"पावणेदोन तास झाले," ती म्हणाली. "आमच्याच गाडीने झालंय. ह्याने चालवली. पट्टा सोडायला सांगा, लवकर."

वनरक्षकाने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"नक्की ना, ताई?"

"नक्की. मी मोजलंय."

त्याने वायरलेस तोंडाजवळ नेला आणि बटण दाबलं. "डॉक्टर बाई, वेळ मिळाली. पावणेदोन तास. सोडा म्हणतायत—"

नवरा ताडकन उठला. खुर्ची मागे कलंडली. त्याने वनरक्षकाचं रक्ताळलेलं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोडू नका," तो म्हणाला. "पट्टा बांधल्यावर मी अर्धा तास तिचा हात धरून तिथेच बसलो होतो."