नाना बोलत नाहीत

समोरच्याच्या आवाजावरून त्याचा आजार सांगणारे फोन बाजारात आले, तेव्हा केतकीनेच आपल्या तंत्रज्ञान-वाहिनीवर त्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. गेला महिनाभर मात्र मिरजेला राहणारे तिचे वडील फोन उचलत नव्हते. ‘मी ठणठणीत आहे,’ असे नुसते संदेश पाठवत होते. एरवी फोन ठेवता ठेवत नसत नाना! केतकीच्या जिवाला चैन पडेना. हातातलं काम टाकून ती मिरजेला आली.

दार नानांनीच उघडलं. तिच्या हातातला फोन दिसताच त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“नाना, बोला ना काहीतरी!”

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. तिने फोन बंद केला, शेजारच्या काकूंकडे ठेवला आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

“आता तरी सांगा.”

“घशात गाठ आहे,” नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. “उपचार सुरू केलेत. पण तुला हे त्या यंत्राकडून कळायला नको होतं, पोरी. मीच सांगणार होतो. धीर होत नव्हता.”