शेंड्यावरची जागा

पहाटेची बांग होऊन गेली तरी नौफल अंथरुणातच होता. उठायचं तर आधी कुशीवर वळायला हवं, आणि तेवढ्यानंच पाठ जीव काढत होती. आज खजुराच्या तोडणीचा पहिला दिवस. भिंतीला धरून तो कसाबसा उभा राहिला.

"उठली का स्वारी?" चुलीजवळ बसलेला बाप, अम्मार, ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवत म्हणाला.

"बाबा, मी आज तोडणीला येत नाही. तोझर शहरातल्या इस्पितळात जातो."

अम्मारचा घास हातातच राहिला. तोडणीला माणसं खोडावर एकाखाली एक चिकटून बसतात आणि घड वरून हातोहात खाली येतो. शेंड्यावरची जागा आजवर याच घराची होती. एकदा सोडली की दुसरा चढतो, आणि मग तो काही उतरत नाही.

"पाठीसाठी इस्पितळ? अरे, दुपारी तूच माकडासारखा चढत असतोस. कामाला लागलास की जाईल."

"तेच तर गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कष्टाचं दुखणं पडून राहिलं की कमी होतं. माझं पडल्यावर वाढतं, हाललं की उतरतं. आतली सूज असेल म्हणाल्या. तपासून घे, वेळ घालवलास तर मणके एकमेकांना चिकटतील. घरात आणखी कुणाची पाठ अशी आहे का, तेही विचारलं."

"मग सांगायचंस की! माझी आहे, तुझ्या आजोबांची होती. खजुरानं वाकवलीय. घराण्याची खूण आहे ती."

बोलतानाही अम्मार चुलीकडेच बघत होता. त्याची मान वळायची कधीच थांबली होती. वर बघता येत नाही म्हणून तोडणीला तो खाली बसून घड निवडायचा. कमरेवर तापल्या सळईचे डाग होते, त्यांचाही काही उपयोग झाला नव्हता.

"जायचं तर जा," अम्मार म्हणाला. "पण शेंडा गेला, तर या घरात पुन्हा खजुराचं नाव काढायचं नाही."

आतलं दार कुरकुरलं. नौफलची धाकटी बहीण सिहाम कॉफी घेऊन आली. या घरातल्या मुली खजुरावर कधी चढत नाहीत. तिचा एक हात कमरेवर होता आणि पावलं फरपटत होती.

"पाय का घासतेस गं?" अम्मारनं चुलीकडे बघतच विचारलं.

"काही नाही बाबा. हल्ली रोज सकाळी अशीच आखडते," ती हसून म्हणाली. "कामाला लागले की जाईल."

अम्मारनं पाव खाली ठेवला. जमिनीवर हात टेकून त्यानं आख्खं अंग वळवलं आणि तो मुलीकडे बघत राहिला.

बाहेरून तोडणीवाल्यांनी नौफलला हाक मारली. "शेंड्यावर आज दुसऱ्याला चढवा," मुलीवरची नजर न काढता अम्मारनं आतून सांगितलं.