लाल गोल आला की

“मामा, हिरवा गोल आला तरच बटण दाबायचं. लाल आला की दाबायचं नाही,” रुद्राणी तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं आधी एक श्वास घेतला. सकाळपासूनचा हा सातवा पेशंट, आणि खोलीतला कूलर पाण्यावाचून नुसता गरम वारा फेकत होता.

“हाव, समजलं,” गुरुपादप्पा म्हणाले. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात बटण, डोक्यावर तारांची टोपी. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस खुर्चीत मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा अवघडून बसला होता.

काल भर दुपारी औशाच्या रस्त्याला त्यांचा पाण्याचा टँकर खड्ड्यात उतरला. कुणाला लागलं नाही. जरा अंधारी आली, एवढंच ते सांगत होते. पण मालकाला तहसीलातून फोन आला, डॉक्टरचा कागद येईस्तोवर ह्या माणसाला गाडीवर बसवू नका. म्हणून मालकानं त्यांना संध्याकाळीच लातूरला आणून दाखवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, लक्ष आणि आवर दोन्ही तपासा. हिरवा दिसला की हात किती चटकन चालतो आणि लाल दिसला की मेंदू त्या हाताला कसा आवरतो, ते ह्या तारांतून संगणकावर उमटायचं.

हिरवा. दाबलं. हिरवा. दाबलं. लाल. दाबलं.

चाळीस लाल गोलांपैकी छत्तीसांवर त्यांनी बटण दाबलं. रुद्राणीनं कपाळाला हात लावला. इतकं वाईट तर पिऊन आलेल्याचंही येत नव्हतं. हा कागद गेला की मामांचा टँकर गेला.

“काय हो मामा, हाव म्हणता आणि उलटंच करता?”

“डोळ्याला कळून राहिलंय, मॅडम. पर लाल दिसलं की...” ते ओशाळले. “दाबलंच जातंय.”

तिनं पुन्हा दहा गोल दाखवले आणि ह्या वेळी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत बसली. तेव्हा तिला दिसलं. लाल गोल आला की बोटाच्या आधी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता. टाचेला भेगा पडलेला अनवाणी पाय. बोट त्याच्या मागून जायचं.

“हा ब्रेक नाही, मामा.”

“मला ठावं हाय. पायाला कुठं ठावं हाय?”

रुद्राणीला हसू आलं आणि लगेच त्याचं वाईटही वाटलं. सिग्नल असो की पुढच्या गाडीचा दिवा, लाल दिसलं की दाबूनच ह्या माणसानं आजवर सगळ्यांना वाचवलं होतं.

“परत घेऊ आपण. पण आता दमला असाल, उद्या या.”

“आत्ताच घ्या,” ते घाईनं म्हणाले. “तेल नको, शांपूनं डोकं धुऊन या म्हणाला तुमी काल. घरातल्या समद्यांचं आंघोळीचं पाणी माझ्या एकट्याच्या डोक्यावर गेलं. घरवाली नीलम्मा बोलली काई न्हाई, पर तांब्याकडंच बघत हुती. उद्या पुन्हा कसं मागू तिला?”

रोज बारा हजार लिटर पाणी वाहणारा माणूस हे सांगत होता. रुद्राणी संगणकाकडे वळली.

पाच-सहा गोल ठीक गेले. मग पडद्यावरच्या बारीक, दाट रेषा सैल पडल्या आणि मोठाल्या लाटा यायला लागल्या. झोपेच्या त्या लाटा ओळखायला डॉक्टर लागत नव्हता.

“मामा.”

ते दचकले. “मी जागाच हाय.”

“शेवटचं कधी झोपलात?”

“झोपतो की. टँकर भरायच्या रांगेत. रांग सरकली की मागचा हॉर्न देतो, मंग उठायचं. कालची रात्र टँकर वर काढण्यात गेली.” त्यांनी जरा आठवून बघितलं. “खाटंवर म्हणाल तर पाडव्याला.”

पाडवा होऊन महिना उलटला होता.

दार वाजलं. मालक हणमंतराव बाहेर उभे होते. रुद्राणी बाहेर गेली आणि दार मागं ओढून घेतलं.

“पास का नापास, तेवढं सांगा मॅडम. चारला टँकर निघायला पायजे. दुसरा ड्रायव्हर खाली आणून ठेवलाय.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. छत्तीस चुकांचा कागद तिच्या हातातच होता. तिनं तो उलटा धरला.

“तपासणी चालू आहे,” ती म्हणाली. “माणसाला झोप न देता आणलंत तुम्ही. असा कागद खरा येत नाही.”

“झोप कुणाला हाय, मॅडम, सध्या?” हणमंतरावांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांचेही डोळे तांबारले होते. “चारपर्यंत थांबतो. पुढं माझ्या हातात न्हाई. गाव वाट बघून राहिलंय.”

ती आत आली तेव्हा गुरुपादप्पांची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती. बटण मांडीवर पडलं होतं. पेशंट झोपला की टाळी वाजवून उठवायचं, हा नियम. तिनं हात वर घेतले आणि तसेच खाली आणले. खिडकीचा पडदा ओढला. संगणक बंद करणंही तिच्या जिवावर आलं. ती स्टुलावर टेकली.

लाल गोल आला. त्यांचा पाय हलला नाही. आणखी एक आला, तोही तसाच गेला. एकेका लालापुढं संगणक ‘बरोबर’ अशी खूण करत राहिला.