कै. वैजयंतीचे फोटो

मेलेली बाई दरवर्षी म्हातारी होत चालली होती.

झीनतनं डोळे चोळले, ओढणीच्या टोकानं मॉनिटर पुसला आणि पुन्हा बघितलं. चूक नव्हती. कै. वैजयंती सयाजी बोराडे. दरवर्षी दिवाळीनंतर त्याच तारखेला, त्याच मजकुराची पुण्यस्मरणाची जाहिरात. पहिल्या वर्षी दोन वेण्यांची पोरगी. पुढं अंबाडा आला. मग गाल भरले, मग चष्मा लागला, मग कानापाशी पांढरे केस दिसायला लागले. मान मात्र प्रत्येक फोटोत तशीच, डावीकडं जराशी कललेली.

"या अल्ला," झीनत पुटपुटली आणि तिनं खुर्ची मागं सरकवली.

तशी ती भित्री नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून सोलापूरची जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायची, हे तिचं काम. लोक आपल्या घराण्याचा माग काढत यायचे, म्हणून निधनाच्या जाहिराती वेगळ्या काढून घराण्यागणिक लावून ठेवायच्या. दिवसभर मयत माणसांत बसणारीनं भुतांना घाबरून कसं चालेल? उलट मेलेल्यांचा एक नियम तिला पाठ झाला होता. त्यांचा फोटो बदलत नाही. छापखान्यात फोटोचा ठसा एकदाच बनायचा आणि वर्षानुवर्षं तोच चालायचा. नातवंडं टक्कल पडून बसली तरी आजोबा आपले त्याच फेट्यात. आणि ही बया मेल्यावरही खुशाल वय वाढवत होती!

आणखी एक गोष्ट खटकत होती. बाकीच्या जाहिरातींना काळी चौकट, फोटोला हार, बाजूला समई. हिच्या जाहिरातीत त्यातलं काही नाही. फोटो तेवढा तळहाताएवढा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर, शेवटी वडिलांचं नाव. असला कसला हा बाप, झीनतला वाटलं. पोरीला एक समई द्यायला याच्या जिवावर आलं होतं.

"पोरी, जुने पेपर हितंच बघाया मिळत्यात का?"

झीनतनं मान वर केली. दारात एक म्हातारी उभी होती. डोळ्यांवर चष्मा. मान डावीकडं जराशी कललेली. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि झीनतच्या अंगावर सरसरून काटा आला.

"भूत बघितल्यागत काय बघतीस? पाणी दे की आदी. कुर्डुवाडीवरनं आलेय या उन्हात."

म्हातारी गटागटा पाणी प्याली. भुतं काही अशी तांब्याभर पाणी पीत नसणार, असं म्हणून झीनतनं स्वतःची समजूत घातली.

"मी वैजयंती. बोराड्यांची. चाटी गल्लीत बापाचं कापडाचं दुकान हुतं. मी जातीभाईर लगीन केलं, रेल्वेतल्या माणसाशी. बापानं निरोप धाडला, तू आमाला मेलीस, तसं पेपरात छापलंय. देवापुढं शपथ घेतलीय म्हणाला. तुजं नाव तोंडात येणार न्हाय आन् तुजा फोटो या घराचा उंबरा वलांडणार न्हाय."

"मग?" झीनतनं विचारलं.

"मग काय! मीबी त्याचीच लेक. दर दिवाळीला फोटो काढायचा आन् दुकानाच्या पत्त्यावर धाडायचा. पत्र न्हाय, काय न्हाय. बग म्हणलं, जित्ती हाय मी! एकाचंबी उत्तर आलं न्हाय. चुलीत घातलं असतील." म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "बाप मेला, त्याचं मला काय न्हाय गं. पण आई गेली ती मला महिन्यानं कळली. माजी लेक मेली असं समजून गेली का ती? ह्येच खातंय मला इतकी वर्सं. तिला काय दाकवलं, ते एकडाव माज्या डोळ्यानं बगू दे."

झीनतनं मॉनिटर म्हातारीकडं वळवला.

वैजयंतीबाई एकेका फोटोवर बोट ठेवत गेल्या. "ह्यो कुर्डुवाडीच्या स्टुडिओतला... ह्या टायमाला बबी पोटात हुती... ह्यो चष्मा नवा घेतला तवाचा..." बोट थांबलं. खालची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा वरखाली करून वाचली आणि संतापानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "जित्ती हाय म्हणून मी फोटो धाडत हुते, आन् ह्या कसाबानं त्येच फोटो लावून मला दरसाल मारलं! अगं, ह्योच पेपर आमच्या घरी यायचा. बाप वाचायचा आन् मग सयपाकघरात आईच्या हातात द्यायचा, भाकरीखाली घालाया. म्हंजी दरसाल तिच्या हातात..."

झीनतचे डोळे भरून आले. त्या मेलेल्या बापाला चार शिव्या घालाव्यात असं तिला फार वाटलं.

"मावशी," तिनं हळूच विचारलं, "दरवर्षी हे वाचताना काय झालं असेल हो तुमच्या आईला?"

वैजयंतीबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं. तळहाताएवढा फोटो. खाली मुंगीएवढी अक्षरं. चौकट नाही, हार नाही, समई नाही. उंबऱ्याची बंदी फोटोला होती, पेपर तर रोज सकाळी घरात जात होता. पंखा वर करकरत होता. त्यांनी हात पुढं केला आणि पडद्यावरच्या आपल्याच गालावर ठेवला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माज्या आईला वाचाया येत नव्हतं."