पडायची पाळी

“बेबीनंदा! लाठी ठेव अन् घरी चल!”

वस्तीच्या मैदानात लाठ्या फिरवणारी पोरं जागच्या जागी थांबली. जयंती सहा दिवसांवर आली होती आणि लाठीपथकाचा सराव ऐन रंगात होता. तिसऱ्या रांगेतली अकरा वर्षांची बेबीनंदा लाठी छातीशी धरून उभी राहिली. तिने आईकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर जावं लागलं असतं.

पलटणीतून निवृत्त झालेले तातेराव शिट्टी मुठीत घेऊन पुढे आले. “काय झालं, कांताबाई?”

“चोरून येऊन राह्यली ती पंधरा दिसांपासून. मला सांगती, मैत्रिणीकडं जाते.” मग कांताबाईंनी आवाज एकदम खाली आणला. “भाऊ, फेफरं येतं तिला. जालन्याच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या, सांगितलं, इहिरीपासून लांब ठेवा, चुलीपासून लांब ठेवा. अन् तुम्ही तिच्या डोक्याभवती लाठ्या फिरवून राह्यले?”

“म्हाईत हाय मला.”

“म्हाईत हाय? मंग हेबी म्हाईत असंल, की तवा तिला कपड्यात होतं. मागल्या साली बाजारात पडल्ती, तर लोकं तमाशाला जमल्यावानी जमली. दोन महिने शाळंत गेली न्हाई पोरगी. जयंतीला सगळं वडीगोद्री गाव रस्त्यावर राहील. तिथं पडली, तर काय करताल?”

तातेरावांनी लिंबाच्या सावलीकडे हात केला. “आलात तर घडीभर बसा,” ते म्हणाले. “सराव सरला की न्या तिला. बिलकुल अडवणार न्हाई.”

कांताबाई लिंबाखालच्या दगडावर टेकल्या, पण मन काही टेकेना. एक चप्पल काढून त्यांनी हाताशी ठेवली. फेफरं आलं की चप्पल हुंगवायची, हे त्यांना आईने शिकवलं होतं. धम्म घेतला तेव्हा घरातले देव गोदावरीत सोडले होते. चप्पल तेवढी सुटली नव्हती.

“वसंता!” तातेराव ओरडले.

नाव पुकारताच पहिल्या रांगेतला वसंता धाडदिशी मातीत पडला आणि हौसेने पाय झाडू लागला.

“घेरा!”

सगळी पोरं धावली आणि त्याच्याभोवती गोल उभी राहिली. पाठ आत, तोंड बाहेर, लाठ्या आडव्या धरलेल्या. आत राहिलेल्या दोघांनी वसंताला कुशीवर वळवलं. बाहेरून काही म्हणता काही दिसेना. मग तातेरावांनी बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि आत शिरून त्याच्या कमरेखाली ओतलं. वसंता खिदळत उठला. चैतातल्या त्या उन्हात पाण्यासाठी पोरं पाळीवरून भांडत.

“हे काय आता?” कांताबाईंनी विचारलं.

“पडलेल्याला राखायचं. पलटणीत शिकवतेत. रोज दोघा-तिघांची पाळी येती.”

“पलटणीत पाणीबी ओततेत?”

“न्हाई. ते माझं हाय.”

लाठ्या पुन्हा फिरू लागल्या. आणि मधूनच एक लाठी खाली पडली. या वेळी कोणाचंच नाव पुकारलेलं नव्हतं. बेबीनंदा मातीत पडली होती आणि तिचं अंग ताठ झालं होतं.

कांताबाई चप्पल घेऊन धावल्या. मैदानालगतच्या हॉटेलातून मालक काकासाहेब हातात फोडलेला कांदा घेऊन निघाले आणि त्यांच्यामागे चहा पिणारे पाच-सात जण. माणसं भली होती. मदतीला आली होती, आणि बघायलाही आली होती.

तोवर घेरा झाला होता. हुकुमाची वाट कोणी पाहिली नव्हती.

“काका, मागं व्हा,” लाठी आडवी धरलेली एक चिमुरडी म्हणाली. काकासाहेबांना गावात असं कोणी सांगत नसे. त्यातून या वस्तीतलं कोणी तर नाहीच. ते कांद्यासकट दोन पावलं मागे सरले.

“सोडा रे मला आत! आई हाय मी तिची!”

“थांब मावशी,” आतून वसंताचा आवाज आला. “कुशीवर हाय ती. तोंड मोकळं हाय. डोस्क्याखाली माझा सदरा हाय.”

कांताबाई थांबल्या. टाचा मातीत घासल्याचा आवाज तेवढा येत होता. लेकीच्या अंगावर इतक्या वेळा लुगड्याचा आडोसा धरला होता त्यांनी, पण एवढा मोठा आडोसा त्यांच्याच्याने कधी झाला नव्हता. हळूहळू आतला आवाज थांबला. तातेराव तांब्या घेऊन आत गेले. पाणी ओतल्याचं ऐकू आलं, आणि कांताबाईंना त्या पाण्याचा अर्थ आत्ता कळला.

बऱ्याच वेळाने बेबीनंदाने डोळे उघडले. चहूकडे पाठीच पाठी होत्या. एकही तोंड तिच्याकडे नव्हतं. तिने ओला फ्रॉक चाचपला.

“वसंता, तुझ्या मागून पाळी माझी होती का?”

“हां. तुझीच.”

घेरा उघडला. तातेराव म्हणाले, “आज बस झालं. घरी जाऊन नीज.” बेबीनंदा उठून बसली आणि आता कुठे तिने आईकडे पाहिलं.

“आई, उद्या येऊ?”

कांताबाईंनी हातातली चप्पल खाली टाकली आणि पायात सरकवली. मग तातेरावांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“भाऊ, मिरवणुकीत तुम्हाला पुढं चालावं लागंल,” त्या म्हणाल्या. “तांब्या मी धरते.”