तीन बोटं

भूल दिल्यावर श्वासाची नळी घालणं अवघड जाईल, असा लाल शेरा पेशंटची माहिती तपासणाऱ्या एआय यंत्राने एकाच पेशंटला चौथ्यांदा दिला. लाल शेऱ्याच्या पेशंटला कुठलंच हॉस्पिटल टेबलावर घेत नसे.

भूलतज्ज्ञ डॉ. ओगल्यांनी एकशे वीस किलोंच्या विलासिनीबाईंना तोंड उघडायला लावलं. तीन बोटं सहज मावली. मानही छान मागे गेली; म्हणजे नळी सहज जायला हवी.

"मग करा की ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "गाठ वाढत चाललीय."

डॉक्टरांनी शेऱ्याचं कारण उघडलं. यंत्र ज्या जुन्या केसपेपरांवरून शिकलं होतं, ते पडद्यावर आले. प्रत्येक जाड पेशंटपुढे, तोंडात न बघताच, कुणीतरी घाईने खरडलं होतं: अवघड.

"कुणी लिहिलं हो हे?" बाईंनी विचारलं.

ओगल्यांनी मान खाली घातली. प्रत्येक कागदावर सही त्यांचीच होती.