नावाची जागा

“कॅसेट ने. पण माझं रडणं हितंच ठेवून जायचं,” शालनबाई म्हणाल्या. कॅसेट अजून त्यांच्या मुठीतच होती.

प्रफुल्ल समोर चटईवर बसलेला. कल्याणहून जुना टेपरेकॉर्डर आणि लॅपटॉप पाठीवर टाकून तो सकाळीच कळव्याला येऊन धडकला होता. कवी विश्राम धामणसकरांच्या नावाने त्याने मोबाइलवर ग्रुप काढलेला. कुठल्या गावात विश्रामदादांची कॅसेट निघाली, कुणाच्या भिंतीवर जुना फोटो सापडला, सगळी खबर आधी याला. दादा नुकतेच गेले होते. रविवारी कल्याणला आदरांजलीची सभा होती, आणि सभेत त्याला एकच गाणं वाजवायचं होतं.

दादांच्या प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘म्हणे विश्राम’ यायचंच. ते आलं की माणसं बसल्या जागेवरून उठायची. फक्त एका गाण्यात दादांनी स्वतःचं नाव घातलं नाही, अशी बोलवा होती. ते गाणं ग्रुपात कुणीच ऐकलं नव्हतं. आणि शालनबाईंच्या नातीने, संचिताने, आजीला न विचारता लिहून टाकलं, ते आमच्या घरी ट्रंकेत आहे.

“दवंडी पिटायच्या आधी मला विचारलंस?” शालनबाईंनी तिसऱ्यांदा तेच काढलं.

“अगं आजी, किती लोक शोधतायत ते गाणं!”

“गाणं शोधतायत ना? मग गाणं घ्या. म्हातारीचा गळा कशाला?”

गाणं सुदेशच्या जलदान विधीला गायलेलं होतं. सुदेश त्यांचा थोरला, दादांच्या गायन पार्टीतला ढोलकीवाला. काविळीने गेला. त्या दिवशी दादांनी ढोलकीला कुणाला हात लावू दिला नाही, नुसत्या टाळांवर गायले. शालनबाई त्या दिवशी कशा रडल्या, हे त्यांना नंतर लोकांनी सांगितलं. ते सांगणारेही आता राहिले नव्हते. त्यानंतर नवरा गेला तरी या बाईने डोळ्याला पदर लावला नाही. अख्खी चाळ त्यांना टरकून असायची, आणि ते त्यांना आवडायचं.

मूठ सुटली. प्रफुल्लने कॅसेट घातली, बटण दाबलं. खरखर झाली. सगळ्यांचे डोळे त्या फितीवर लागले. तुटली तर संपलं. मग टाळ वाजले, आणि दादांचा आवाज आला.

पहिलं कडवं सरायच्या आत तो दुसरा आवाज आला. फाटका, उघडा.

“सुदेशा... अरे माझ्या सुदेशा...”

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. धाकट्या मुलाची बायको हेमांगी घासलेलं पातेलं हातात घेऊन दारात आली. वीस वर्षं या घरात काढून तिने हा आवाज ऐकला नव्हता.

“तू आत जा,” शालनबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. हेमांगी हलली नाही. प्रफुल्लने मान खाली घातली. गाणं संपेस्तोवर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“झालं ना? आता मला काढ.”

“मावशी, आता कम्प्युटर आवाज वेगळे करतो. काढतो मी. पण...”

“पणबिण नको. कल्याणच्या बायका मला बघायला टपलेल्याच हायत. शालन मोडली कशी, ते त्यांना फुकट ऐकवू?”

त्याने वायर जोडली, लॅपटॉपवर खुडबुड केली. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली तेव्हा कुठे त्याने मान वर केली. “ऐका.”

दादा जणू समोरच मांडी घालून बसले. खरखर नाही, रडणं नाही, नुसता टाळ आणि आवाज. शालनबाईंचे खांदे सैल झाले. संचिताने हळूच आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

शेवटचं कडवं आलं. दादांचा आवाज चढत चढत नावाच्या जागेपाशी आला आणि तिथं तुटला. नुसते टाळ वाजत राहिले. मग पुढची ओळ आली.

“अरे देवा, मशीनने दादांचाही आवाज खाल्ला वाटतं,” प्रफुल्लने कपाळाला हात लावला. त्याने हेडफोन कानाला लावून मूळचं गाणं पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं नेलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“काय झालं? बिघडवलंस ना?” शालनबाई खेकसल्या.

“नाही मावशी. दादांनी तिथं तोंडच उघडलेलं नाही. तिथं तुम्ही सुदेशदादांचं नाव घेताय. तुमचं होईपर्यंत ते थांबलेत. मग पुढची ओळ उचललीये.”

“लाव परत.”

“कुठलं, मावशी? रडण्याचं?”

“साफ केलेलं लाव.”

त्याने लावलं. चढती ओळ आली. मग ती रिकामी जागा आली. टाळ वाजत होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. शालनबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ओळ पुढे निघून गेली.

हेमांगी अजून दारातच होती. घासलेलं पातेलं तसंच तिच्या हातात होतं. शालनबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, मग प्रफुल्लकडे.

“घाल परत मला तिथं,” त्या म्हणाल्या. “आणि बारीक नको ठेवू. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.”